लग्नपत्रिकांचं राखणदार जहाज

आमच्या मिरजेला समुद्र नाही, आणि आमच्या ह्यांना होडी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा अलिबागला जाताना लाँचमध्ये यांनी माझ्या नव्या साडीच्या पदराचा जो उपयोग केला, तो इथे लिहीत नाही. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून यांनी जन्मभर कालवे आखले, म्हणजे पाण्याशी संबंध आला तो कमरेएवढाच. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर जहाजांच्या नादी लागावं, आणि त्यातही जपानी आरमाराच्या, हे मला अजून उलगडलेलं नाही. पण त्या नादापायी मी जपान पाहून आले, तेव्हा फार कुरकुर करायची सोय राहिली नाही.

जहाजं म्हणजे छोट्या प्रतिकृती, आणि त्याही जुन्या लग्नपत्रिकांच्या. घरी आलेली पत्रिका टाकायची नाही, असा यांचा दंडक आहे. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद. हे त्याला 'घरपोच पोलाद' म्हणतात. पत्रिका कापायच्या, डिंकाने चिकटवायच्या, तारेचे कठडे करायचे, माझ्या तुटलेल्या माळांचे मणी दिवे म्हणून लावायचे आणि वरून करडा रंग फासायचा. आत मात्र गणपती, कलश आणि वधूवरांची नावं तशीच राहतात. एका जहाजाच्या पोटात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. जहाज अजून मजबूत आहे, लग्नाचं विचारू नका.

आमची मुलगी मुग्धा क्योतोच्या विद्यापीठात शेवाळावर पीएच.डी. करते. एका जुन्या दुमजली घरात ती वर राहते आणि खाली राहतात घरमालकीण कितामुराबाई. बाईंनी ऐंशी ओलांडलेली आहे. त्यांच्याच गोष्टीमुळे आमचा हा प्रवास घडला, म्हणून ती आधी सांगते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर चार वर्षांच्या कितामुराबाई आई आणि मोठ्या भावाबरोबर परमुलखातून जहाजाने जपानला परतल्या. ते जहाज उतारूंचं नव्हतं. मालवाहू जहाजांच्या सोबतीने जाऊन पाणबुड्यांपासून त्यांची राखण करायला युद्धाच्या घाईत जी लहान लढाऊ जहाजं बांधली, त्यांतलं ते एक. जपानीत त्यांना काइबोकान म्हणतात. आमच्या घरात नाव पडलं 'राखणदार'. त्यांतली पुष्कळ बुडाली. उरली त्यांच्यावरच्या तोफा उतरवल्या, डेकवर फळ्यांच्या खोपी ठोकल्या आणि परदेशात अडकलेली माणसं त्यांतून घरी आणली.

बाईंना त्या प्रवासातलं एवढंच आठवतं की कडाक्याची थंडी होती आणि त्या एका उबदार लोखंडी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. त्या भिंतीला कोपरा होता, तो पाठीत रुतत होता, म्हणून आईने आपली शाल काढून मध्ये घातली. मोठा भाऊ म्हणायचा, "उबदार होतं म्हणजे ते धुराडं. आणि धुराडं गोल असतं. कोपरा तुझ्या डोक्यात." पुढे त्या घरात कुणी थाप मारली की 'कोपऱ्याचं धुराडं' म्हणून हसायची पद्धतच पडली. भाऊ गेल्या वर्षी वारला आणि वाद तसाच राहिला. मग बाईंनाच वाटायला लागलं की दादाच खरा असेल. जपानला पोचल्यावर थोड्याच दिवसांत आई गेली होती आणि तिची दुसरी कुठलीही आठवण त्यांच्याजवळ नाही. कोपरा खोटा असेल, तर ती शालही खोटी.

मुग्धाने हे फोनवर सांगितलं त्या दिवसापासून यांचं जेवणात लक्ष लागेना. नकाशे मागवले, फोटो मोठे करून पाहिले, आणि एक दिवस मी आमटीला फोडणी देत असताना बाहेरून आरोळी आली, "अगं, कोपरे आहेत!" फोडणी जळली. यांनी मला गॅसपाशीच समजावलं, की पोलाद वाकवायला वेळ लागतो आणि युद्धात वेळ कुणाकडे असतो. म्हणून या जहाजांना शेवटी शेवटी वळणंच ठेवली नव्हती. सपाट पत्रे, सरळ कडा. धुराडंसुद्धा दुमडून केलेलं, सहा बाजूंचं.

"मग आत्ता फोन करून सांगून टाका की त्यांना," मी म्हटलं.

"सांगून कुणाला पटतं? त्यांचा भाऊ जन्मभर सांगतच होता. दाखवलं पाहिजे."

म्हणून जहाज करायला घेतलं. आधी बॉलपेनच्या रिफिलच्या झोकदार तोफा केल्या होत्या. मुग्धाने आठवण करून दिली की बाई आल्या तेव्हा तोफा उतरवलेल्या होत्या, तेव्हा त्या काढताना हे असे रुसले, जणू शस्त्रसंधीवर यांनाच सही करावी लागली.

क्योतो

क्योतोबद्दल इतरांनी इतकं लिहिलंय की देवळांचं वर्णन मी करत नाही. मला तिथला कचरा आवडला. घराच्या कोपऱ्यावर ठरलेल्या वारी ठरलेला कचरा ठेवायचा. जळणारा एका दिवशी, बाटल्या-डबे दुसऱ्या दिवशी, रद्दी तिसऱ्या दिवशी, आणि तीही सुतळीने नीट बांधून. वर कावळ्यांसाठी जाळी. आपल्याकडे कावळा शिवावा म्हणून माणसं हात जोडून उभी राहतात, इथे शिवू नये म्हणून जाळी घालतात. एखादी वस्तू चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या ढिगात ठेवली तर गाडीवाले ती नेतच नाहीत. तिच्यावर 'उचलता येत नाही' अशी चिठ्ठी डकवलेली सापडते आणि सगळी गल्ली ती वाचते. गल्लीतला कचरा पाहायची पाळी आलटूनपालटून प्रत्येक घराकडे असते, पण कितामुराबाई आपली पाळी नसतानाही पहाऱ्यावर असत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला खाली चहाला बोलावलं. बाई एवढ्याशा, पाठीत वाकलेल्या, पण डोळे असे की आपण पायमोजे उलटे घातलेत का, हे मी दोनदा पाहिलं. घर अर्धं रिकामं होतं. येत्या हिवाळ्यात त्या वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या. तिथे एक खोली, एक कपाट. म्हणून रोज थोडंथोडं सामान काढून टाकत होत्या.

"किती सोपं असतं टाकणं," त्या म्हणाल्या, "एकदा वार पाठ झाले की." मुग्धाने हे आम्हाला मराठीत सांगितलं आणि ह्यांनी घाईने चहाचा घोट घेतला. यांनी मिरजेच्या घरातून आजवर फक्त मला रागवून माहेरी जाऊ दिलंय. बाकी एक वस्तू बाहेर गेलेली नाही.

मग बाईंनी गणपतीचा विषय काढला. मुग्धा दर भाद्रपदात खोलीत मातीचा गणपती करते आणि दीड दिवसाने बादलीत विसर्जन करते. पहिल्या वर्षी बाईंना बोलावलं होतं. इतक्या निगुतीने केलेली मूर्ती पाण्यात विरघळताना पाहून त्या तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. "तुमच्या लोकांचं मन मोठं," त्या मला म्हणाल्या. मी मान डोलावली. परदेशात असं कुणी म्हणालं की दुरुस्ती करू नये.

बेत असा होता: जपानी समुद्राच्या बाजूला, वाकासाच्या किनाऱ्यावर एका लहानशा बंदरात, असंच एक राखणदार जहाज लाटा अडवायला बांध म्हणून बुडवून ठेवलेलं आहे. (गावाचं नाव लिहीत नाही, तिथे एकच खानावळ आहे आणि तुम्ही सगळे गेलात तर तिची पंचाईत होईल.) बाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तिथे न्यायचं, आणि खऱ्या जहाजासमोर उभं करून आपलं जहाज त्यांच्या हातात द्यायचं. त्यांना यातलं फक्त सहलीचं ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी यांनी जहाज खोक्यात ठेवलं. खोक्याभोवती मिरजेहून आणलेल्या वर्तमानपत्रांचे थर, आणि वरून उभी-आडवी सुतळी, एस.टी.च्या टपावरून पडली तरी सुटणार नाही अशी. गाठोडं दाराशी, चपलांच्या जागेत ठेवलं, म्हणजे सकाळी विसरायला नको.

सकाळी मी दशम्या भाजत होते, हे दाढी करत होते. मुग्धा डोळे चोळत खाली जाऊन आली आणि कर्तव्य केल्याच्या आवाजात म्हणाली, "आज पेपरचा दिवस होता. तुमची रद्दी पण टाकून आले. बाबा, काय मस्त बांधली होती! इथल्या लोकांपेक्षा भारी."

यांच्या एका गालावर साबण तसाच होता. "कुठली रद्दी?"

मुग्धा अनवाणी कोपऱ्यावर पळाली. जाळी घडी करून ठेवलेली होती आणि रस्ता लख्ख होता. गाडी येऊन गेली होती.

आपल्याकडे पार्सल बांधतात तशी तिथे रद्दी बांधतात, हे यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ज्या मुलीला ठाऊक होतं तिने ते अगदी चोख अमलात आणलं. ती रडायला लागली. हे पायरीवर बसले होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हे फक्त म्हणाले, "कठड्याचं काम जरा कच्चंच होतं. जाऊ दे."

तेवढ्यात खालचं दार सरकलं आणि कितामुराबाई बाहेर आल्या. टोपी, काठी, आणि छातीशी निळ्या चौकोनी कापडात बांधलेलं गाठोडं. जपानी माणसं डब्यापासून आहेरापर्यंत सगळं अशा कापडात बांधून नेतात, म्हणून मला वाटलं, जेवण असणार. त्यांनी आम्हाला वाकून नमस्कार केला आणि आमच्या रिकाम्या हातांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आता यांना काय सांगायचं?" मी हळूच विचारलं.

"काही नाही," हे उठले. "तिथे खरं जहाज आहे ना. त्याचं धुराडं दाखवू."

गाडीत

क्योतोहून गाडी डोंगरांत शिरते आणि मग बोगदा, भातखाचर, बोगदा असं चालू राहतं. पुढे दोनच डब्यांची गाडी मिळते. तिचा ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलला बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणतो. आमच्याकडे एकट्याने असं बोलणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतात. इथे त्याच्यामुळे गाडी वेळेवर पोचते.

बाई माझ्याशेजारी बसल्या. गाठोडं मांडीवर. मी ते वरच्या फळीवर ठेवायला हात पुढे केला, तर त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि इतक्या वेळा माफी मागितली की मीच शरमले. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी ते न सोडता पिशवीतून भाताचे गोळे काढले. म्हणजे गाठोड्यात जेवण नव्हतं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणीचं बोट त्यांनी जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मुग्धा म्हणाली, हे कौतुक आहे. मला तो ठसका वाटला होता.

ह्यांनी काही खाल्लं नाही. यांच्या हातांना वर्षभर कातरीची सवय. आता ते गुडघ्यांवर नुसते पडून होते. बाई मधूनमधून यांच्याकडे बघत, मग गाठोड्याकडे, मग खिडकीबाहेर. एकदा त्या मुग्धाला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि मुग्धाचे डोळे भरून आले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मनापासून केलेलं सोडून देणं कठीणच असतं. घर सोडायचंय ना त्यांना, आई."

मला बाईंची फार दया आली. एकीकडे घर चाललंय आणि दुसरीकडे आम्ही त्यांची एकुलती आठवण खरी करायला निघालो ते हात हलवत.

बंदरावर

बंदर म्हणजे अर्ध्या बांगडीएवढा समुद्र, त्यात दहा-पंधरा होड्या, आणि वाळत टाकलेले मासे. वास थेट मालवणच्या बाजाराचा. फक्त बाजाराला असायला हवा तो आरडाओरडा नव्हता. खानावळीत कोंड्यात मुरवलेला बांगड्यासारखा मासा मिळाला, इतका खारट की एका तुकड्यावर वाटीभर भात जातो. मी दोन वाट्या खाल्ल्या. ह्यांनी, शाकाहारी म्हणून, नुसत्या नूडल्स मागवल्या. त्या रस्स्यातही मासाच असतो, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. माणसाला एका दिवसात किती धक्के द्यायचे!

बांधावर गेलो. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मुग्धाने विचारलं, जहाज कुठे आहे?

त्याने आपल्या बुडाखाली बोट दाखवलं.

सिमेंटच्या दोन भिंतींच्या मध्ये एक लांब, तांबडी, गंजलेली कड होती. आत सिमेंट ओतलेलं, बाहेरून चार पायांचे मोठे ठोकळे रचलेले. पुढचं टोक तेवढं जहाजासारखं निमुळतं होतं. तेही पाहायला मान वाकडी करावी लागत होती. वर काही नाही. डोलकाठी नाही, केबिन नाही.

"आणि धुराडं?" यांनी मुग्धाला विचारायला लावलं.

गळवाला हसला. ते कधीच कापून नेलं म्हणे, भंगारात. त्याच्या आजोबांच्या वेळी.

हे त्या गंजक्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. इतकी वर्षं लाटा अडवत असलेल्या त्या पत्र्याला एकही वळण नव्हतं, सगळं सरळ, घाईत कापलेलं. ते पाहून मला वाटलं होतं की यांना तेवढं तरी पुरेल. पण हे धुराड्याचीच जागा शोधत राहिले. मग मुग्धाकडे वळून म्हणाले, "सांग त्यांना. धुराडं इथे नाही, पण होतं. सहा बाजूंचं होतं. त्यांची आठवण खरी आहे. मी दाखवणार होतो, पण... सांग, माझा शब्द तेवढा आहे."

मुग्धाने तोंड उघडलं, तर कितामुराबाईंनी हात वर केला. त्या खाली बसल्या, थेट त्या सिमेंटवर, गुडघे मोडून. गाठोडं पुढ्यात ठेवलं. त्यांच्या बोटांना गाठ सुटत नव्हती, म्हणून मी मदत केली.

आत आमचं जहाज होतं. करडं, कठड्याला एका जागी वाकलेलं, आणि डेकवर 'उचलता येत नाही' ही चिठ्ठी.

आम्ही तिघंही एकदम बोललो आणि त्यातलं एकही वाक्य नीट नव्हतं. बाईंनी कपाळ जमिनीला टेकेपर्यंत नमस्कार केला आणि भराभरा बोलायला लागल्या. मुग्धा रडत आणि हसत मराठी करत होती.

"त्या म्हणतात, गाडीवाल्यांना ते रद्दीच्या मानाने जड लागलं, हलवल्यावर आत मणी वाजले. रद्दीत मणी चालत नाहीत. म्हणून त्यांनी चिठ्ठी लावली. पण आपल्याच घरातून चुकीचा कचरा गेला ही लाजिरवाणी गोष्ट, म्हणून वेगवेगळा करायला मी घरात आणून उघडलं, आणि वरची चिठ्ठी जहाजावर लावून ठेवली. दुसऱ्याची वस्तू उघडली, क्षमा करा."

"पण मग सकाळीच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

मुग्धाने विचारलं. बाई संकोचून यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्यात तशी पद्धत असेल. एवढं मन लावून करायचं आणि मग सोडून द्यायचं. गणपतीचं मी पाहिलंय. तुमचे यजमान गाडीत इतके गप्प होते, म्हणजे विसर्जन झालं असं समजले. धर्माच्या गोष्टीत मध्ये कसं पडायचं? पण मी धुराडं पाहिलं होतं." त्यांनी जहाज ह्यांच्याकडे सरकवलं. "टाकणारच असाल, तर मला द्याल का?"

आमच्या ह्यांनी जन्मात कुणासमोर डोळे पुसले नव्हते, माझ्या पाठवणीला माझे वडीलही रडले तेव्हा हे बॅगा मोजत होते. त्या दिवशी गळवाल्यासकट सगळ्यांसमोर पुसले. "त्यांना म्हणावं, त्यांच्यासाठीच केलंय," एवढं जेमतेम बोलले.

बाईंनी तळहात धुराड्याला लावला. मग एक बोट एका कडेवरून हळूच खाली नेलं, पुढच्या कडेवर, त्याच्या पुढच्या. सगळे कोपरे हाताला लागल्यावर त्या समुद्राकडे बघून मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. सांगायची गरज नव्हती, पण मुग्धाने सांगितलं, "म्हणतात, दादा, बघ. आहेत कोपरे."

आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "शालही होती."

पुन्हा क्योतो

परतीच्या गाडीत ह्यांनी माझ्या उरलेल्या सगळ्या दशम्या खाल्ल्या आणि बाईंनी चटणी संपवली. जहाज दोघांच्या मध्ये एका आसनावर बसून आलं.

निघायच्या दिवशी निरोपाला खाली गेलो. घर आणखी रिकामं झालं होतं. कपाटावर एकटं जहाज होतं, आणि डेकवर ती चिठ्ठी तशीच. ह्यांना ते बघवेना. वर्षभर घासूनपुसून केलेल्या डेकवर कचऱ्याची चिठ्ठी! कोपऱ्यापासून अलगद सोडवायला यांनी नख पुढे केलं, तर बाईंनी यांच्या हातावर चापटी मारली. खरोखरची, आवाज येईल अशी.

मग ओशाळून त्यांनी मुग्धाला समजावून सांगितलं. निवासातल्या बायका टापटिपीच्या आहेत. मागचं सामान आवरायला येणारी भाची तर फारच. उद्या आपण नसलो की खोली एका सकाळी रिकामी होईल. पण ही चिठ्ठी असलेली वस्तू आजवर या शहरात कुणी उचलून नेलेली नाही.